मनाचा घाव आणि मासिक पाळी
(सैन्यात सेवा केलेल्या भगिनींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी)

३० मे हा संत जोन ऑफ आर्कचा सण. अंगात चिलखत आणि हाती निशाण घेतलेले तिचे चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ही फ्रान्समधील एका शेतकऱ्याची मुलगी. वयाच्या सुमारे सतराव्या वर्षी, १४२९ साली, ती ऑर्लेआँच्या लढाईत उतरली. तेथे मानेजवळ बाण लागून ती जखमी झाली. पुढे ती शत्रूच्या हाती सापडली, पुरुष शिपायांच्या पहाऱ्यात तुरुंगात राहिली आणि १४३१ साली तिला जिवंत जाळण्यात आले. पंचवीस वर्षांनी ख्रिस्तसभेने तिच्या खटल्याची फेरतपासणी केली. त्या वेळी, १४५६ साली, तिच्या सोबतीला असलेल्या झाँ दोलाँ या सरदाराने साक्ष दिली. तिची जवळून सेवा करणाऱ्या बायकांकडून आपण असे ऐकले की जोनला मासिक पाळी कधी आलीच नाही, असे त्याने आपल्या साक्षीत सांगितले.

येथे संत जोनला रोगी ठरवण्याचा आपला हेतू नाही. लक्षात घ्यायचे ते इतकेच की साडेपाचशेहून अधिक वर्षांपूर्वी ख्रिस्तसभेच्या न्यायासनापुढे एका सैनिक स्त्रीच्या पाळीची गोष्ट सांगितली गेली, ती ऐकून घेतली गेली आणि कागदावर लिहिली गेली. लाजेखातर कोणी ती खोडली नाही. मग आपल्या घरात, आईच्या आणि लेकीच्या बोलण्यात, ही गोष्ट निघायला अडचण का असावी?

हा विषय आपला कसा?

बेळगाव आणि सैन्य यांचे नाते जुने आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र येथेच आहे, आणि ज्या घरातून एक तरी मुलगा पलटणीत गेला नाही असे गाव आपल्या भागात शोधावे लागेल. आता मुलीही जात आहेत. सैन्यातील परिचारिकांची परंपरा तर १८८८ पासूनची. १९९२ पासून वैद्यकीय व परिचर्येखेरीज इतर शाखांतही स्त्री-अधिकारी घेण्यास सुरुवात झाली. शिपाई म्हणून मुलींची लष्करी पोलीस दलात पहिली भरती झाली, तेव्हा ऑगस्ट २०१९ मध्ये त्यासाठी मेळावा भरला तो बेळगावातच. त्या भरतीतील पहिल्या ८३ मुली ८ मे २०२१ रोजी बंगळूरच्या केंद्रातून शपथ घेऊन बाहेर पडल्या. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ रोजी, म्हणजे नेमकी संत जोनच्या सणाच्या दिवशी, बाहेर पडली.

या मुली रजेवर घरी येतील, काही वर्षांनी सेवा संपवून कायमच्या येतील. गावात त्यांचा सत्कार होईल, मिस्सेनंतर फादर त्यांचे नाव घेतील. पण त्यांतल्या एखादीने काही भयंकर पाहिले किंवा सोसले असेल, आणि त्याची खूण तिच्या शरीरात राहिली असेल, तर ती ओळखायची कोणी? ती खूण पुष्कळदा मासिक पाळीत दिसते. म्हणून हा लेख.

पाळीचे घड्याळ कोठे असते?

पाळी गर्भाशयातून येते म्हणून तिचा कारभारही तेथेच चालतो, असे आपण समजतो. खरे पाहता तिचे घड्याळ मेंदूत आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग असतो. तो सुमारे दर तास-दीड तासाने एका संप्रेरकाची (म्हणजे रक्तातून निरोप नेणाऱ्या रसाची) लहान लहान लाट सोडतो. ती शेजारच्या पियुषिका ग्रंथीला जागे करते, पियुषिका अंडाशयाला निरोप धाडते, अंडाशयात बीज पिकते, गर्भाशयात अस्तर तयार होते, आणि गर्भ राहिला नाही तर ते अस्तर पाळीच्या रूपाने बाहेर पडते.

आता, हाच हायपोथॅलॅमस भीतीचाही कारभार पाहतो. संकट आले की तो मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना हाक देतो, त्या कॉर्टिसॉल सोडतात, छाती धडधडते, हातपाय पळण्यास किंवा झुंजण्यास सज्ज होतात. एका घरात आग लागली असता कोणी स्वयंपाक करत बसत नाही. त्याचप्रमाणे भीतीचा निरोप चालू असताना पाळीचा निरोप मंदावतो किंवा थांबतो.

शेतकऱ्याला हे नवे नाही. बाजारातून ट्रकमध्ये उभी करून दूरवरून आणलेली गाय कित्येकदा वेळेवर माजावर येत नाही. तिला दोष नसतो, गर्भाशयही चांगले असते. प्रवासाचा धसका, नवा गोठा, नवे हात यांमुळे तिच्या मेंदूचा निरोप अडलेला असतो. जनावराच्या बाबतीत आपण म्हणतो, "जरा स्थिरावू द्या, चारापाणी नीट करा." घरच्या मुलीच्या बाबतीत मात्र आपण म्हणतो, "हिला काहीतरी झालंय, कोणाला सांगू नका."

मनिला येथील धडा

दुसऱ्या महायुद्धात फिलिपाइन्स देश जपानच्या ताब्यात गेला. मनिला शहरात डॉमिनिकन धर्मगुरूंनी १६११ साली स्थापन केलेले सांतो तोमास विद्यापीठ आहे. त्याच्या आवारात जपान्यांनी अमेरिकन व इतर परदेशी नागरिकांची बंदिछावणी केली. बाटान व कोरेगिडोर येथे जखमींची सेवा करणाऱ्या अमेरिकी भूदलाच्या ६६ परिचारिकाही १९४२ साली तेथे आणल्या गेल्या. फेब्रुवारी १९४५ मध्ये सुटका होईपर्यंत त्या तेथे होत्या, आणि उपाशीपोटी असतानाही छावणीचे इस्पितळ चालवीत होत्या. त्या सर्व जिवंत परतल्या.

याच छावणीतील स्त्रियांविषयी १९४४ साली अमेरिकेतील एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात 'युद्धातील अनार्तव' या विषयावर लेख आला. अनार्तव म्हणजे पाळी थांबणे. डॉक्टरांना दिसून आले होते की कित्येक बायकांची पाळी बाँबवर्षाव आणि कैद सुरू होताच थांबली. अन्नाच्या तुटवड्याचा परिणाम शरीरावर होण्यास तेव्हा अवकाश होता. यावरून, उपासमार हे एक कारण असले तरी नुसता धसकाही पाळी थांबवू शकतो, हे स्पष्ट झाले.

रशियाकडून लढलेल्या स्त्रियांचीही हीच कथा. लेखिका स्वेतलाना अलेक्सियेविच यांनी शेकडो माजी सैनिक स्त्रियांना भेटून त्यांच्या आठवणी गोळा केल्या. ते पुस्तक १९८५ साली प्रसिद्ध झाले, आणि २०१५ साली लेखिकेला नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पुस्तकातील बायका पदके आणि लढायांबरोबर आणखीही काही सांगतात. युद्धात त्यांची पाळी थांबली होती, आणि जिची चालू होती तिला कापडाचा तुकडा मिळत नव्हता. चाळीस वर्षे हे कोणी विचारले नव्हते, म्हणून त्यांनी सांगितले नव्हते.

मनाच्या घावाला नाव मिळाले

युद्धाहून परतलेला माणूस रात्री दचकून उठतो, मोठा आवाज झाला की थरथरतो, गर्दी टाळतो, आठवण येईल त्या गोष्टीपासून दूर राहतो, घरच्यांवर चिडतो. पूर्वी याला भित्रेपणा समजत. १९८० साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी आपल्या अधिकृत ग्रंथात या आजाराची नोंद केली. मराठीत त्याला आघातोत्तर ताणविकार म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर पी.टी.एस.डी. म्हणतात.

हा आजार पुरुष सैनिकांचाच, असा समज होता. पण व्हिएतनाम युद्धावरील अमेरिकेच्या मोठ्या सरकारी पाहणीत (१९८८) असे दिसून आले की तेथे सेवा केलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २७ टक्के स्त्रियांना आयुष्यात केव्हातरी हा आजार जडला होता. त्या बहुतेक परिचारिका होत्या. त्यांनी बंदूक चालवली नव्हती, पण वीस वर्षांच्या मुलांना हातात मरताना पाहिले होते. लिंडा व्हॅन डेव्हंटर ही त्यांपैकीच एक. कॅथलिक घरात वाढलेली ही परिचारिका १९६९-७० साली व्हिएतनामात होती. घरी परतल्यावर तिला कित्येक वर्षे दुःस्वप्ने पडत राहिली, दारूचाही आधार घ्यावा लागला. १९८३ साली तिने पुस्तक लिहून हे उघड सांगितले, तेव्हा कोठे इतर परिचारिकांना आपण एकट्या नाही असे वाटले.

दुसरा घाव अधिक अवघड आहे, कारण तो शत्रूकडून होत नाही. आपल्याच दलातील माणसाने केलेली छेड, जबरदस्ती, अत्याचार. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत प्रत्येक येणाऱ्याला याविषयी विचारण्याची पद्धत आहे. तेथे दर तीन स्त्रियांमागे सुमारे एक स्त्री 'होय' म्हणते. पुरुषांतही पन्नासांत एक जण 'होय' म्हणतो. हे आकडे त्या देशाचे आहेत, ते उचलून आपल्या सैन्याला लावू नयेत. मुलींनी सैन्यात जाऊ नये असेही येथे सुचवायचे नाही. मात्र असा घाव कोठेही होऊ शकतो, आणि तो झालेली स्त्री तो सांगत नाही, हे सर्व देशांत सारखेच आहे.

पाळीवर काय परिणाम दिसतात?

इराक व अफगाणिस्तानच्या युद्धांनंतर सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या सत्तर हजारांहून अधिक अमेरिकी माजी सैनिक स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना ताणविकार, नैराश्य किंवा असा दुसरा मानसिक आजार होता, त्यांच्यात पाळीच्या तक्रारी आणि इतर स्त्रीरोगही अधिक आढळले. या तक्रारी चार प्रकारच्या असतात.

पहिली, पाळी लांबणे किंवा थांबणे. तिचे कारण वर सांगितले. सैन्यातील शिक्षणात श्रम फार आणि पोटात अन्न कमी, असे झाले तरी पाळी थांबते. भीती, श्रम आणि अपुरे अन्न ही तिन्ही एकत्र आली तर विचारायलाच नको.

दुसरी, अंगावरून फार जाणे. बीज वेळेवर पिकले नाही तर गर्भाशयाचे अस्तर वाढतच राहते, आणि मग दोन-तीन महिन्यांनी एकदम, गाठी पडून, दिवसेंदिवस जाते. याने रक्त कमी होते, चढ चढताना दम लागतो.

तिसरी, कळा. भ्यालेली व्यक्ती अंग चोरते. काठीचा मार खाल्लेला बैल हात नुसता वर केला तरी कातडी थरथरवतो, तसेच ओटीपोटाचे आणि कमरेखालचे स्नायू सदा आखडलेले राहतात. शिवाय सतत सावध असलेल्या मेंदूला वेदनाही अधिक जाणवते. अमेरिकेत १९८९ पासून एक लाख सोळा हजारांहून अधिक परिचारिकांच्या आरोग्याची नोंद ठेवली गेली आहे. त्यांच्यावरील २०१८ च्या एका अभ्यासात असे आढळले की बालपणी किंवा कोवळ्या वयात अनेक प्रकारचा तीव्र छळ वारंवार सोसलेल्या स्त्रियांत एंडोमेट्रिओसिस होण्याचा धोका ७९ टक्के अधिक होता. एंडोमेट्रिओसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे. त्यात पाळीच्या कळा असह्य होतात. या परिचारिका सैनिक नव्हत्या, पण जुना घाव शरीरात किती काळ टिकतो हे यावरून कळते.

चौथी, पाळीपूर्वीचे दिवस. पाळी येण्याआधीच्या आठवड्यात संप्रेरके उतरू लागतात. ज्या स्त्रीच्या मनावर घाव आहे, तिची दुःस्वप्ने, दचकणे, रडू, संताप हे त्या दिवसांत वाढू शकतात. काहींच्या बाबतीत निराशा इतकी दाट होते की जीव नकोसा वाटतो, आणि पाळी सुरू होताच दोन दिवसांत मन निवळते. हा स्वभावदोष नव्हे. पाळीपूर्व तीव्र मनोविकार म्हणून २०१३ पासून तो स्वतंत्र आजार मानला जातो, आणि त्यावर उपचार आहेत.

दोन चुका टाळा

"हे सारे मनाचे आहे, तपासायला नको" ही पहिली चूक. सैनिक भगिनीलाही थायरॉइड बिघडते, गर्भाशयात गाठ होते, रक्तक्षय होतो, गर्भही राहतो. म्हणून आधी शरीर नीट तपासून घ्यावे: हिमोग्लोबिन, थायरॉइड, लागल्यास सोनोग्राफी. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असले तर तो रक्तक्षय समजावा.

"सगळे रिपोर्ट चांगले आहेत, म्हणजे ही नाटक करते" ही दुसरी चूक. रिपोर्ट चांगले आले आणि त्रास राहिला, तर शोध संपला असे नाही. आता मनाकडे पाहायचे, एवढाच त्याचा अर्थ.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

साधारणतः दोन पाळ्यांमधील अंतर २१ ते ३५ दिवसांचे असते, आणि रक्तस्राव दोन ते सात दिवस चालतो. खालीलपैकी काहीही झाल्यास थांबू नये.

१. गर्भ नसताना तीन महिने पाळी आली नाही. पाळी थांबली की "बरे झाले, कटकट गेली" असे पुष्कळ मुलींना वाटते. पण इस्ट्रोजेन कमी झाल्याने हाडे विरळ होतात. धावण्याच्या व कवायतीच्या ओझ्याने त्यांना बारीक तडे जाऊ शकतात.

२. आठ दिवसांहून अधिक जात राहिले, मोठ्या गाठी पडल्या, किंवा तासाला एक याप्रमाणे सलग काही तास पॅड भिजले. घेरीही येत असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

३. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पतिपत्नीच्या संबंधानंतर रक्त गेले, किंवा पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसले.

४. कळांमुळे दर महिन्याला अंथरूण धरावे लागले.

५. पाळीपूर्वी मरणाचे विचार आले. अशा वेळी तिला एकटीला ठेवू नये. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते. तेथे विनामूल्य आणि आपल्या भाषेत बोलता येते.

निवृत्तिवेतन मिळणाऱ्या माजी सैनिकांसाठी २००३ पासून ई.सी.एच.एस. ही आरोग्य योजना आहे. जी भगिनी तिला पात्र असेल, तिने आपले कार्ड काढून ठेवावे. बाकीच्यांना सरकारी इस्पितळातील स्त्रीरोग विभाग आणि मानसोपचार विभाग उपलब्ध आहेत.

तपासणीची भीती

ज्या स्त्रीवर अत्याचार झाला आहे, तिला आतून तपासणीचे टेबल म्हणजे पुन्हा तोच प्रसंग वाटतो. म्हणून ती वर्षानुवर्षे डॉक्टरांकडे जात नाही. भगिनींनो, हे लक्षात ठेवा: तपासणीआधी "मला याची फार भीती वाटते" इतके एक वाक्य सांगितले तरी पुरे. काय घडले ते सांगण्याची सक्ती नाही. स्त्री-डॉक्टर मागता येते. आई, बहीण किंवा सिस्टर यांना जवळ उभे करता येते. "थांबा" म्हटल्यावर डॉक्टरांनी थांबले पाहिजे. आणि पुष्कळ वेळा पोटावरून केलेली सोनोग्राफी व रक्ततपासणी यांवरच उपचार सुरू करता येतात.

सोबत दोन-तीन महिन्यांची नोंद न्यावी. विवाहपूर्व वर्गात बिलिंग्ज पद्धतीचा तक्ता पाहिलेल्या जोडप्यांना हे काम सोपे आहे. कॅलेंडरवर पाळीचे दिवस, कळा, झोप, वाईट स्वप्ने आणि मनाची स्थिती यांची खूण करावी. डॉक्टरांना त्यातून पुष्कळ कळते.

उपचारांत कळांच्या व रक्तस्रावाच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, मनाच्या औषधांपैकी काही, आणि जाणत्या समुपदेशकाजवळ टप्प्याटप्प्याने बोलणे, हे सर्व येते. आघातोत्तर ताणविकारावर बोलण्याचे उपचार चांगले लागू पडतात. कधी डॉक्टर संप्रेरकांच्या गोळ्या देतात, आणि या तर गर्भ टाळण्याच्या गोळ्या म्हणून कॅथलिक भगिनी त्या परत करतात. पोप सहावे पॉल यांनी १९६८ च्या 'हुमाने विते' या परिपत्रकात (परिच्छेद १५) स्पष्ट केले आहे की आजारावर खरोखर आवश्यक असलेला उपचार ख्रिस्तसभा निषिद्ध मानत नाही, जरी त्यामुळे गर्भधारणेला अडथळा येत असला तरी, मात्र तो अडथळा हाच हेतू नसावा. शंका असल्यास आपल्या फादरांना मोकळेपणी विचारावे.

परसबाग आणि ताट

औषधाला अन्नाची जोड हवी. नाचणी हाडांसाठी उत्तम, कारण तिच्यात चुना भरपूर असतो. रोजच्या जेवणात भाकरी किंवा आंबील असू द्यावी. शेवग्याची पाने, मेथी, राजगिरा, तीळ, कडधान्ये आणि परवडेल तेव्हा मासे, अंडी, मटण किंवा काळीज यांतून रक्त भरून येते. भाजीवर लिंबू पिळल्याने तिच्यातील लोह अंगी लागते, जेवणाबरोबर घेतलेल्या चहाने ते वाया जाते. परसात शेवग्याचे एक झाड आणि मेथीचे दोन वाफे प्रत्येक घराला शक्य आहेत. सैन्यातून आलेल्या मुलीला त्याच वाफ्याचे काम द्यावे. हातांना काम, सकाळचे ऊन आणि ठरलेल्या वेळी झोप याने मेंदूचे घड्याळ पुन्हा जुळू लागते. मात्र अंगावरून फार जात असताना तिला लावणीच्या चिखलात दिवसभर वाकवू नये.

आणखी एक. रानडुकरांना हाकलण्यासाठी शेतात बार उडवायचे असतील, किंवा सणाला फटाके लावायचे असतील, तर तिला आधी सांगावे. एवढ्याने तिची एक रात्र सुखाची जाते.

घरच्यांनी काय करावे?

"लग्न झाले की पाळी आपोआप सुरळीत होईल," हा सल्ला घराघरांत दिला जातो. तो खोटा आहे आणि क्रूरही आहे. जिच्या शरीरावर घाव झाला, तिला बरी होण्याआधी लग्नाच्या खोलीत ढकलले तर दुखणे वाढते, आणि नवऱ्यालाही आपले काय चुकले ते कळत नाही. आधी उपचार, मग स्थळ.

विटाळाची कल्पना आपल्या ख्रिस्ती घरांतूनही अजून पुरती गेलेली नाही. त्या चार दिवसांत मुलीला बाजूला बसवणे म्हणजे आधीच एकटी पडलेल्या जिवाला आणखी एकटे पाडणे.

आणि जिच्यावर अत्याचार झाला तिला "कुमसार करून मोकळी हो" असे सांगू नये. कुमसार आपण केलेल्या पापाचा असतो. दुसऱ्याने तिच्यावर केलेले पाप तिचे नव्हे. तिने फादरांकडे जावे ते सांत्वनासाठी, आशीर्वादासाठी, आणि जावेसे वाटेल तेव्हाच. प्रार्थना आणि उपचार यांत भांडण नाही. वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाही परमेश्वरानेच नेमले आहे, ही शिकवण सिराखच्या ग्रंथात (अध्याय ३८) आहे.

विचारावे कसे? थेट "काय झाले?" असे विचारू नये. "झोप लागते का? पाळी वेळेवर येते का? माझ्याबरोबर दवाखान्यात येशील का?" एवढे पुरे. ती बोलली तर मध्ये बोलू नये, आणि ती बोलली ते शेजारी जाऊ नये.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीची गोष्ट आहे. वैद्यांमागे तिचे सारे द्रव्य संपले होते. ती गर्दीत मागून आली, कारण समोरून येण्याची तिला सोय नव्हती. येशूने तिला गुपचूप जाऊ दिले नाही. थांबून, वळून, त्याने कोण शिवले ते विचारले. तेव्हा ती भीत, कापत पुढे आली आणि तिने सारे खरे खरे सांगून टाकले. याईराची मुलगी मरणपंथाला होती, तरी येशूने तिचे सगळे ऐकून घेतले आणि तिला कन्या म्हणून हाक मारली.

आपल्या घरी वर्दी उतरवून आलेली लेक अशीच गर्दीत मागे उभी असेल. कामे थांबवून, वळून, तिच्याकडे पाहणारा कोणीतरी घरात असावा. पुढचे काम डॉक्टर करतील, आणि परमेश्वर करील.